अर्धं नेढं

१

आठला पाच कमी असताना हॉलचे दिवे लागले आणि आतून घडीकाका ओरडले.

घडीकाका ओरडत नाहीत. तीस वर्षं छत्र्यांच्या घड्या घालून त्यांच्या आवाजालाही घडी पडलीय, बोलले तरी अर्धं आतच राहतं. म्हणून मी हातातली सुई सुयांच्या गादीत खुपसली आणि पळाले.

लांब टेबलावर ताईची छत्री आडवी पडली होती. पावसातली छत्री नव्हे. विमान पेटलं आणि वैमानिकाला उडी मारावी लागली, तर त्याला जिवंत जमिनीवर आणते ती. कागदोपत्री तिला लांबलचक नाव आहे, पण शिवणारे आम्ही सगळे छत्रीच म्हणतो, आणि तिच्या चोवीस पट्ट्यांना पाकळ्या. सहाव्या आणि सातव्या पाकळीमधली शिवण टोपीपासून, म्हणजे सगळ्या पाकळ्या जुळतात त्या शेंड्यापासून, वीतभर उसवलेली होती.

“परवा चाचणी आहे हिची,” घडीकाका म्हणाले. “काल साडेपाचला मी स्वतः चादर घातली होती गं हिच्यावर. धडधाकट होती.”

ताई जिन्यावरून धावत आली. छत्रीकडे बघितलं आणि उसवलेल्या जागेवर वाकली. ताईला राग येत नाही, तिच्या वाटचा पण मलाच आलाय. ती या केंद्रात शिकाऊ शास्त्रज्ञ. संरक्षणाचं काम, गेटवर तीन वेळा ओळखपत्र दाखवायचं, असलं ठिकाण. तिची दोन वर्षं याच महिन्यात संपत होती. परवा तिनं आखलेली ही छत्री उघडली तर कायम, नाहीतर एक प्रमाणपत्र आणि घरी. आमच्या घरात शास्त्रज्ञ कोणी नव्हतं. आई इथंच चार नंबरच्या मशिनवर, अठ्ठावीस वर्षं. आणि मी दहावीत शाळा सोडलेली. बाईंनी डस्टर फेकला, मी तो परत फेकला, एवढंच झालं होतं. सात महिन्यांपासून शिवणखात्यात रोजावर आहे. इथं मला सगळे ठिणगी म्हणतात.

सुरक्षासाहेब आले. त्यांनी हात मागे बांधून छत्रीला एक फेरी मारली.

“या विंगेला वीज आठला मिळते. आज इलेक्ट्रिशियन पाच मिनिटं आधी आला, एवढंच. त्याआधी आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. उन्हानं नायलॉन कुजतं म्हणून खिडक्यांना काळे पडदे. टॉर्च, फोन, काडीपेटी सगळं गेटवर जमा. असल्या काळोखात एकेक टाका उसवणं माणसाचं काम नाही. म्हणजे हे काल झालं, दिवे असताना. काल शेवटी इथं कोण होतं?”

किल्लीच्या वहीत ताईची सही होती. सहा वाजून दहा मिनिटं.

“मी शिवणी मोजत होते,” ताई म्हणाली.

“की भीती वाटत होती? परवा उघडली नाही तर सगळं संपलं. उसवलेली सापडली तर तारीख पुढं जाते. चार वाजता समितीची बैठक आहे. मला तिथं काहीतरी सांगावं लागेल.”

माझं डोकं सटकलं. “साहेब, तुमच्या डोक्यात वीज कितीला येते? आठला, की त्याच्याही नंतर?”

आईनं मागून माझा दंड असा चिमटला की डोळ्यात पाणी आलं. साहेबांनी फक्त घड्याळ बघितलं.

सव्वाआठ झाले होते.

२

मशिनं बंद ठेवायचा हुकूम आला. चाळीस बायका हात बांधून बसल्या आणि मी उठले.

साहेबांचं एकच म्हणणं होतं, काळोखात कोणी उसवू शकत नाही. मला मात्र ते काल झालंय हेच पटत नव्हतं. ताई सहा दहाला निघाली तेव्हा मी तिच्यासाठी गेटवर उभी होते. ती शीळ घालत आली होती. स्वतःची छत्री उसवून कोणी शीळ घालत येतं का?

मी गेटवरची वही बघितली. बाकीच्या बायका आठच्या बसनं येतात. साडेसातला विंग उघडल्यापासून आठपर्यंत आत आलेले चौघंच, इलेक्ट्रिशियन तर बाहेरच्या खोलीतूनच बटण दाबतो. ताई, घडीकाका, सुयांच्या खिडकीवरची सुईमावशी, आणि ताईबरोबरचा दुसरा शिकाऊ, ज्याच्या खिशात कायम स्टीलची पट्टी असते म्हणून आम्ही त्याला फूटपट्टी म्हणतो. शिवाय आम्ही दोघी मायलेकी, पण आम्ही काय रोजच लवकर येतो.

सकाळ मी पुन्हा मनात उलगडून बघितली. बाहेरच्या बोळात वरून काचेतून उजेड येतो. तिथं बाकावर बसून मी आईच्या बारा हातसुया दिवसभरासाठी ओवून ठेवत होते. रोजचं काम. “तुझे डोळे कोवळे आहेत, तू ओव,” असं म्हणून तिनं मी कामाला लागले त्याच दिवशी ते माझ्या गळ्यात घातलं. तिनं बाहेरच्या चपला काढून आतल्या रबरी घातल्या आणि आपली जागा पुसायला गेली. उजवी चप्पल फरशीवर टक टक वाजत होती.

“आई, नाल ठोकून घेतलीस का?” मी म्हणाले होते.

“हो, तुझ्यासारख्या घोडीची आई ना मी,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर बोळातून फूटपट्टी गेला, हॉलकडे की कॅन्टीनकडे ते मी सुयांच्या नादात बघितलं नाही. मग घडीकाका आले आणि सुईमावशीच्या खिडकीशी चहा पीत उभे राहिले, दिवे लागेपर्यंत. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर होते. ताई वर गच्चीत गेली होती, पण गच्चीतून हॉलमध्ये उतरायला मागचा जिना आहे. तो मला दिसत नव्हता.

मी घडीकाकांना गाठलं. “काका, मला शिवण जवळून बघू द्या ना. हात लावत नाही.”

“तू आणि हात न लावणं,” ते म्हणाले, पण बाजूला सरकले.

मी नाक कापडाला टेकवून बघितलं. दर तिसरा टाका कापलेला, मग दोरा दुसऱ्या बाजूनं ओढून काढलेला. अगदी रीतसर. कापडाचा एक धागासुद्धा दुखावला नव्हता.

“हे वैऱ्याचं काम नाही,” मी म्हणाले.

“तेच तर,” काका म्हणाले. “इतक्या मायेनं तर कोणी शिवत पण नाही.” मग त्यांनी आजूबाजूला बघून खिशातून काहीतरी काढलं. “हे टेबलाखाली सापडलं. साहेबांना द्यायच्या आधी म्हटलं तुला दाखवावं.”

स्टीलची पट्टी होती. सहा इंची.

३

फूटपट्टी कॅन्टीनमध्ये बसला होता. समोर चहा गार झालेला.

“सकाळी कुठं होतास?”

“इथंच. कॅन्टीनला.”

मी पट्टी टेबलावर आपटली. दोन टेबलांवरची माणसं वळली. “मग ही एकटीच चालत हॉलमध्ये गेली का? जागा एकच आहे कायमची. ताई की तू. तिची उसवली की तुझी सोय! शरम नाही वाटत? माझ्या ताईनं तुला स्वतःच्या नोट्स दिल्या, तुला ताप आला तेव्हा तुझी आकडेमोड पूर्ण करून दिली!”

“हळू बोल गं,” तो म्हणाला. कान लाल झाले होते. “बस. बस ना. गेलो होतो मी आत.”

मी बसले नाही.

“माझी वही टेबलावर राहिली होती काल. म्हटलं चाचपडत घेऊ, दिवे लागायची कशाला वाट बघायची. पावणेआठ झाले असतील. आत पाऊल टाकलं आणि कोणीतरी आहे असं वाटलं. बारीक आवाज येत होता. कट... मग थोडं थांबून कट. आणि...”

“आणि काय?”

“कोणीतरी रडत होतं. बाईमाणूस. तोंडात पदर कोंबून रडतात ना, तसं. मी गडबडलो, टेबलाला धडकलो, तेव्हा पट्टी पडली असणार. तसाच मागे फिरलो.”

“आणि हे तू साहेबांना सांगितलं नाहीस?”

“काय सांगू?” त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “मला वाटलं तुझी ताई आहे. परवाच्या धास्तीनं रडतेय. कोणी काळोखात जाऊन रडतं ते कोणाला दिसू नये म्हणूनच ना? मग मी कशाला गावभर करू? नंतर शिवण बघितली आणि कळलं, सांगितलं तर ती अडकेल. म्हणून खोटं बोललो.”

मी खुर्ची ओढून बसले. हे काल नाही, आज सकाळीच झालं होतं. साहेबांचा अंदाज पार चुकला होता, आणि तरी सगळं पुन्हा ताईवरच येत होतं, आधीपेक्षा वाईट.

“तुझा चहा मी पिऊ?” मी विचारलं.

त्यानं कप पुढं सरकवला.

४

ताई गच्चीत होती, वाऱ्याच्या यंत्राशेजारी. तीन वाट्या गरगर फिरत होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

“पावणेआठला कुठं होतीस?”

“इथं.”

“कोणी बघितलं?”

तिनं वही पुढं केली. या वह्यांची पानं छापील आकड्यांची असतात. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे अशी, आणि बाजूला सही. सात पस्तीस, सात चाळीस, सात पंचेचाळीस, दर पाच मिनिटांनी वाऱ्याचा वेग लिहिलेला. सात पन्नासच्या आकड्यावर एक रेघ होती, बाजूला दुसरा आकडा आणि तिची सही.

“वहीत काय, कोणीही लिहील,” मी म्हणाले.

“नाही लिहीत,” ताई म्हणाली. दोन अधिक दोन चार म्हणावं तसं. “जे झालं नाही ते यात लिहीत नाहीत, ठिणगे. नाहीतर ही वही कशाला ठेवायची?”

आणि मला ते पटलं. लहानपणी आम्ही रुमालाची छत्री करायचो. चार कोपऱ्यांना दोरे, खाली आईचं रिकामं रीळ. मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या कठड्यावर चढून टाकायची आणि ती खाली उभी राहून मोजायची. एकदा सहा आकडे भरले होते. दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला “सात!” म्हणाले तर हिनं सगळ्यांसमोर “सहा” म्हटलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते.

“मग कोण असेल?” मी तिच्या शेजारी बसले. “बाई होती. रडत होती. काळोखात उसवत होती.”

“कोण ते सोड जरा. का, ते बघ.” ती अजून वाट्यांकडेच बघत होती. “बिघडवायचीच असती तर कात्रीनं दोन सेकंदांचं काम. इतकं जपून उसवत कोण बसतं?”

“ज्याला परत शिवायचंय.”

“हं. आणि उसवून परत शिवायचं कधी असतं?”

सात महिन्यांत मी हे शंभरदा बघितलं होतं. आत काहीतरी राहून गेलं असलं की.

५

आमच्याकडे सुईचा एक कायदा आहे. मशिनवर सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे शोधायचे, कार्डावर चिकटपट्टीनं लावायचे, वर मशिनचा नंबर आणि शिवणीची जागा लिहायची आणि खिडकीवर द्यायचं. तेव्हाच नवी सुई. एक तुकडा जरी सापडला नाही तरी ती छत्री बाद. घडी दाबून बसवतात तेव्हा एवढंसं टोक आत राहिलं तर कापडात रुततं, आणि वर आभाळात उघडताना तिथूनच फाटतं. खाली येणारा माणूस असतो.

“मावशी, या छत्रीची कार्डं दाखवा ना.”

“तुला कशाला गं?” सुईमावशी चष्म्यावरून म्हणाली. “साहेब सोडून तुझीच चौकशी चाललीय सकाळपासून.”

“साहेबांना सुई आणि दाभण यातला फरक कळतो का?”

ती हसली आणि डबा पुढं केला. ताईच्या छत्रीची तीनच कार्डं होती. दोन नंबरचं मशीन, नऊ नंबर आणि चार नंबर. जागा तिन्हींवर तीच, टोपीपासून चार बोटांवर, जिथं पाकळ्यांचे पदर एकावर एक येतात. फक्त शिवणी वेगवेगळ्या. सहा-सातची शिवण शेवटच्या कार्डावर होती. काल दुपारी साडेतीन.

तुकडे पुरे होते. प्रत्येक कार्डावर दोन. एक दांडी, एक टोक.

मी परत देणार होते. मग उजेडाकडे धरलं.

हातसुईचं नेढं वरच्या टोकाला असतं. मशिनच्या सुईचं उलटं, तिचं नेढं खाली, टोकाजवळ. आणि ती तुटते तीही तिथंच, नेढ्यावर, कारण तिथं ती सगळ्यात बारीक. म्हणून दांडीला अर्धं नेढं राहतं आणि टोकाला अर्धं. दोन नंबरच्या कार्डावर तसंच होतं. नऊ नंबरच्याही.

तिसऱ्या कार्डावर दांडीला अर्धं नेढं होतं. टोक मात्र तांदळाच्या दाण्यासारखं गुळगुळीत. ते मशिनच्या सुईचं नव्हतंच. साध्या हातसुईचं मोडलेलं टोक कोणीतरी तिथं चिकटवलं होतं.

“मावशी, हे तुम्ही बघून घेतलंत?”

“त्यात काय बघायचं? चार नंबरचं आहे.” मावशी म्हणाली. “अठ्ठावीस वर्षांत तिच्या कार्डात चूक नाही. तिचं काय तपासायचं?”

मी कार्ड हातात धरून उभी राहिले. एवढी ढोबळ चूक. शिकाऊ पोरीला पण दिसेल.

ज्याला दिसतं त्याला.

काळोखात उसवणं माणसाचं काम नाही, साहेब म्हणाले होते. पण जिला उजेडातही बोटांनीच शिवायची सवय झालीय, तिला काळोखाचं काय? रोज बारा सुया दुसऱ्याकडून ओवून घेणारी. गेटवरच्या वहीत तिचं नाव होतं, माझ्या नावाच्या बरोबर वर. आणि मी मोजताना ते सोडून दिलं होतं.

६

आई बंद मशिनवर बसून चाक पुसत होती. पुसलेलंच पुसत होती.

मी खाली बसले, तिच्या पायाशी. “आई, पाय इकडं कर.”

“काय झालं?”

“उजवा. चप्पल दे.”

रबरी तळव्यात बोट फिरवलं. टाचेजवळ टोचलं. मी दातांनी धरून ओढलं आणि तळहातावर घेतलं. एवढंसं टोक. एका बाजूला अर्धं नेढं.

“हे शोधत होतीस ना?” मी विचारलं. “छत्रीत नव्हतंच. कालपासून तुझ्याच पायाखाली वाजतंय.”

तिनं हात पुढं केला. मी टोक तिच्या बोटांवर ठेवलं. तिनं ते डोळ्यांशी नेलं नाही. अंगठ्यानं चाचपलं, अर्ध्या नेढ्यावर नख फिरवलं, आणि तिचा चेहरा असा विस्कटला की मी मान वळवली.

“दुपारी तुटली,” ती म्हणाली. “खाली वाकून शोधलं तर नुसतं पांढरं. दूध सांडल्यासारखं दिसतं मला आता. कोणाला शोधायला सांगावं तर विचारतील, तुला का दिसत नाही? आणि सापडलं नाही तर छत्री बाद. तिची छत्री. मी अख्खा जन्म दुसऱ्यांच्या पोरींच्या छत्र्या शिवल्या, आणि माझ्या पोरीची माझ्या हातून बाद व्हावी?”

“म्हणून दुसरं टोक लावलंस.”

“लावलं. आणि घरी जाऊन पडले तर डोळ्यासमोर तो.”

“कोण?”

“जो उडी मारेल तो.” तिनं नाक पुसलं. “म्हटलं सकाळी उसवते, बोटांना लागेल, काढते आणि दिवे लागायच्या आत शिवून टाकते. लागलंच नाही बोटांना काही. आणि मेल्या इलेक्ट्रिशियनला आजच लवकर यायचं होतं. दिवे लागले तशी सगळं सोडून मशिनकडे पळाले.”

मला हसू आलं आणि रडूही. मी झटकन उठले. “बरं ऐक. टोक सापडलं. छत्रीत काही नाही. मी आत्ता वीतभर शिवते, तू गप्प बस. कार्डावर हे टोक लावू, ते फेकू. साहेबांना सांगू उंदीर होता.”

“उंदीर दर तिसरा टाका कापतो का?” मागून ताई म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. हातात वही होती. तिनं आईच्या बोटांवरून टोक उचललं, माझ्या हातातल्या कार्डावरच्या दांडीला लावून बघितलं. दोन अर्धी मिळून नेढं पुरं झालं. ती खाली बसली आणि वही उघडली.

“काय करतेस?”

“लिहितेय.”

“आईचं नाव?” माझा आवाज चढला. “डोकं ठिकाणावर आहे का? तिचं मशीन काढून घेतील! तुझी चाचणी जाईल! स्वतःच्या आईचं नाव वहीत लिहिणारी शास्त्रज्ञ नको आम्हाला!”

ताईचं पेन कागदावर टेकून तसंच राहिलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत होता. ती आईकडे बघत होती.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि सरळ बसली, फोटो काढताना बसते तशी.

“लिही,” ती म्हणाली. “आणि अक्षर नीट काढ. घाईत फार गिचमिड करतेस.”

ताईनं लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग वही माझ्याकडे सरकवली. चार नंबर, सुईचं टोक हरवलं, चुकीचं टोक लावलं, शोधण्यासाठी शिवण उसवली, टोक चपलेत सापडलं, सगळं होतं. त्याखाली अजून चार ओळी होत्या. या छत्रीच्या तिन्ही सुया एकाच जागी तुटल्या. तिथं आराखड्यात चार पदर एकत्र येतात, सुईला ते जड जातं. कोणत्याही शिवणारणीच्या हातून ती तिथं तुटलीच असती. दोष आराखड्याचा. आणि आराखडा कोणाचा, ते लिहून खाली सही.

“हे तुला कोणी लिहायला सांगितलं होतं?” मी विचारलं.

“झालंय ना तसं,” ताई म्हणाली.

चारला दहा कमी होते. ती वही घेऊन वर गेली.

७

समितीच्या मोठ्या बाईंनी ती वही दोनदा वाचली म्हणे. सुरक्षासाहेब काहीतरी बोलायला गेले तर त्या म्हणाल्या, “तुम्हाला माणूस हवा होता, हिनं कारण आणलंय.” हे मला फूटपट्टीनं सांगितलं. तो आत होता, आणि सकाळी खोटं बोलल्याचं त्यानं तिथंच कबूल केलं.

पण लाडू कोणी वाटले नाहीत. परवाची ती चाचणी रद्द झाली. ताईला कायम केलं नाही, आराखडा सुधारायला तीन महिने वाढवून दिले, पुढचं पुढं. चोवीसच्या चोवीस शिवणी उसवून तपासल्या. आईला त्याच दिवशी मशिनवरून उठवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. “एवढं होईपर्यंत थांबलात कशाला?” डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, “सवड नव्हती.”

ताईनं तो जोड तीन पदरांवर आणला. कागदावर आणला, पण मशिनखाली तो बसेना. तेव्हा ती माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसली आणि म्हणाली, “तू सांग, हात कुठं अडतो?” मी सांगितलं. तिनं खोडलं. म्हणजे रेघ मारली. असं अकरा वेळा. चार नंबरच्या मशिनवर, मीच बसत होते आता तिथं.

सहाव्या आठवड्यात चाचणी झाली. उघडं मैदान, लांबवर एक टेबल, त्याच्यामागे ताई, मोठ्या बाई आणि इतर. विमानातून माणसाच्या वजनाचा वाळूचा बाहुला टाकणार होते. शिवणखात्याला कुंपणाशी उभं राहायची परवानगी होती. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर पट्टी, वर काळा चष्मा. दुसरा अजून दुधातच.

“आलं का विमान?”

“आलं.”

“टोपीजवळचा जोड कोणी शिवलाय?”

“सगळे मीच,” मी म्हणाले.

आईनं माझं मनगट धरलं.

विमानातून एक काळा ठिपका सुटला. लांब टेबलामागे ताईचे ओठ हलायला लागले. ती मोजत होती, इतक्या लांबूनही मला कळलं. मी पण मोजायला लागले, मोठ्यानं, आईसाठी. एक. दोन. ठिपका दगडासारखा पडत होता. तीन. मला माझे सगळे टाके आठवले, सातव्या पाकळीपाशी एकदा हात जरासा थांबला होता तोही. चार मी म्हणालेच नाही. मी डोळे गच्च मिटून घेतले.

वरून कुठूनतरी आवाज आला. मोठी ओली चादर झटकावी तसा.

आईची बोटं माझ्या मनगटावरून सुटली, माझ्या चेहऱ्यावर आली, आणि तिनं अंगठ्यानं माझ्या मिटलेल्या पापण्या चाचपल्या.

“बघ की वेडे,” ती म्हणाली. “उघडली.”